उलट्या वर्गाचा फळा

शाळेचा सहा फुटी फळा आमच्या स्वयंपाकघराच्या दारात अडकला, तेव्हा माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते. फळ्याचं एक टोक ओट्याला टेकलेलं, दुसरं बाहेरच्या खोलीत, आणि मधे मी. आत माझी बायको कल्याणी आणि गॅसवरचा चहा. बाहेर शेजारचे शामूअण्णा आणि त्यांचे सल्ले. शामूअण्णा बस डेपोत कंट्रोलर होते. पस्तीस वर्षं ड्रायव्हर लोकांना गाड्या मागे घ्यायला लावण्यात गेल्यामुळे कुठलीही वस्तू कुठेही अडकली की त्यांना एकच उपाय सुचतो.

"मागं घ्या सर. आता डावीकडनं काढा."

"डावीकडे फ्रिज आहे, अण्णा."

"मग फ्रिज मागं घ्या की."

चहा उतू गेला. कल्याणीने गॅस बंद केला आणि फळ्याच्या वरून माझ्याकडे बघत विचारलं, "अहो, हे सगळं तुम्ही इतकी वर्षं वर्गातच करत होता ना? मग आत्ताच घरात का?"

तिने सरळ मनाने विचारलं होतं, पण मला लागलं. तेहतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला एका ओळीत उत्तर देता येऊ नये, असा तो प्रश्न होता. उत्तर लांबलचक आहे आणि ते सांगताना मला अजूनही बरं वाटत नाही. पण सांगतो.

मी कर्नाटकातल्या निपाणीत राहतो आणि सात किलोमीटरवरच्या एका खेड्यातल्या मराठी हायस्कुलात गणित शिकवायचो. शाळा एका शिक्षण संस्थेची. दहावीत मुलं अकरा. आमच्याकडे मास्तर ज्या महिन्यात साठीचा होतो, त्या महिन्याच्या अखेरीला घरी जातो, आणि माझ्या आईने मला नोव्हेंबरात जन्म दिला. तेव्हा तिला दहावीच्या परीक्षेचं वेळापत्रक माहीत असायचं कारण नव्हतं. म्हणजे तीस नोव्हेंबरला मी घरी, मुलांची परीक्षा मार्चमधे, आणि मधले चार महिने गणित कोण शिकवणार, हे कुणालाच माहीत नाही.

आमच्या शाळेत गेलेल्या मास्तरची जागा भरली जात नाही, ती 'प्रक्रियेत' जाते. हिंदीचे सर गेले त्याला चार वर्षं झाली. हिंदी आता पीटीचे सर घेतात आणि मुलांचं 'सावधान' आणि 'विश्राम' फार शुद्ध आहे. विज्ञानाच्या बाईंची जागा प्रक्रियेत आहे. गणित प्रक्रियेत गेलं तर अकरापैकी नऊ मुलं नापास होतील, हे मी तोंडी सांगू शकत होतो. एक कसाही पास होईल. उरली पूर्णिमा. ती पास झाली असती की नाही, हे मात्र सांगता येत नव्हतं.

ह्या पूर्णिमाबद्दल आधीच सांगायला हवं. बाकीची दहा मुलं समजलं तरी मान डोलवत आणि नाही समजलं तरी मान डोलवत. पूर्णिमा एकटीच उठून उभी राहायची आणि म्हणायची, "न्हाय कळलं सर." मग मी पुन्हा सांगायचो. ती पुन्हा, "न्हाय कळलं." तिसऱ्यांदा सांगताना मी जे उदाहरण काढायचो ते मला स्वतःलाच नवं असायचं, आणि तेव्हा वर्गातल्या डोलणाऱ्या माना थांबून खरोखर खाली वहीकडे वळायच्या. तिच्यामुळे माझा पोर्शन कायम मागे असायचा. पण ती उभी राहिली नाही तर आपण शिकवलं की नाही, हे मला कळत नसे.

आमचे हेडमास्तर गुंडूसर. सज्जन माणूस, पण संस्थेच्या चेअरमनसाहेबांचं नाव निघालं की खुर्चीवरून अर्धे उठतात. जूनमधे त्यांनी मला बोलावून घेतलं.

"सर, गणिताच्या जागेचं मी बोललोय. चेअरमनसाहेब म्हणाले, शाळा आधी काहीतरी चमकू दे, मग बघू. बेळगावहून एक पोरगं येतंय ट्रेनिंगला. उलटा वर्ग म्हणून काहीतरी आहे. ते तुम्ही करून दाखवा. जागा भरून घेऊ."

"ते नेमकं काय असतं?"

"ते मलाबी कळलेलं नाही. पण लई चाललंय म्हणतात."

पोरगं आलं. आशुतोष नाव, वय सव्वीस, बोलणं गोड. त्याने सांगितलं ते असं: आजवर तुम्ही वर्गात शिकवलं आणि मुलांनी घरी गणितं सोडवली. आता उलट. तुम्ही शिकवल्याचा व्हिडिओ मुलांनी घरी मोबाईलवर बघायचा आणि गणितं वर्गात सोडवायची. वर्गात शिक्षकाने शिकवायचं नाही, नुसतं फिरायचं आणि मदत करायची. व्हिडिओ आठ मिनिटांचा. त्यात प्रश्न विचारायचा, "समजलं?" मग मनात पाच अंक मोजायचे, म्हणजे मूल विचार करेल. मग हसून म्हणायचं, "छान. पुढे जाऊ."

"पण नाही समजलं तर?" मी विचारलं.

"पॉझिटिव्ह ठेवायचं, सर," तो म्हणाला.

संगणकावर अक्षरं नाचवणं मला जमणारं नव्हतं. मला फळा लागतो. शाळेवर पत्रे, त्यात जुलै. पाऊस सुरू झाला की माझंच बोलणं मला ऐकू येत नसे, मोबाईलला काय येणार. म्हणून रेकॉर्डिंग घरी करायचं ठरलं आणि दहावीचा फळा घरी न्यायचं ठरलं. उलट्या वर्गात फळा लागत नाही, असं आशुतोषनेच सांगितलं होतं.

आता शाळेतला फळा ही संस्थेची मालमत्ता. ती डेडस्टॉक रजिस्टरला असते. ती बाहेर न्यायची तर संस्थेची परवानगी लागते, आणि ती निपाणीच्या ऑफिसात साईराज नावाच्या क्लार्ककडे मिळते किंवा मिळत नाही. पहिल्या खेपेला साईराजने अर्ज कन्नडमधे मागितला. दुसऱ्या खेपेला फळ्याचा अनुक्रमांक मागितला. अनुक्रमांक फळ्याच्या पाठीवर होता आणि पाठ भिंतीला होती. फळा उतरवून बघितला, तर तिथे एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालच्या कुणा विद्यार्थ्याने कुणा विद्यार्थिनीबद्दल काढलेले उद्गार होते आणि अनुक्रमांक त्यांच्याखाली गेला होता. तिसऱ्या खेपेला साईराज म्हणाला, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, सर," म्हणजे थोडं सांभाळून घ्या, आणि त्याने स्वतःच एक अनुक्रमांक घातला. 'सदर फळा निवृत्तीपूर्वी परत करण्यात येईल' अशा कागदावर माझी सही घेतली. ह्यात तीन आठवडे गेले.

तर असा तो फळा. शेवटी दाराची चौकट थोडी तासून आत गेला आणि आमच्या स्वयंपाकघरातली मांडणी तिथून हलली. फक्त तीच भिंत मोकळी करता येत होती. डब्यांची रांग जेवणाच्या टेबलाखाली गेली, आम्ही जमिनीवर जेवू लागलो आणि आमटीत अधूनमधून खडूची चव येऊ लागली.

रेकॉर्डिंग रविवारी दुपारी. शामूअण्णा सकाळपासूनच येऊन बसायचे. त्यांचा सल्ला असा की पाठ सुरू करण्याआधी स्थानकाचं नाव पुकारतात तसं धड्याचं नाव तीनदा पुकारावं. नंतर सल्ला असा की माझा शर्ट पांढरा आणि फळा काळा असल्याने मी भिंतीवरच्या मयताच्या फोटोसारखा दिसतो. मी निळा शर्ट घातला. मोबाईल उभा करायला कल्याणीची पोहे-चाळणी आणि दोन पितळी डबे लागत. पहिल्या धड्यात माझं डोकं आलं नाही. दुसऱ्यात डोकं आलं, फळा आला नाही. पायथागोरसच्या ऐन सिद्धतेत कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. त्रिकोणमितीत कल्याणी पाठमोरी येऊन हळूच मीठ घेऊन गेली. तिला वाटलं, वाकून गेलं की मोबाईलला दिसत नाही. दहा वेळा सगळं पुन्हा करण्यापेक्षा मी ते तसंच ठेवलं. तोवर मला ह्या प्रकाराची थोडी गोडीही लागली होती. घडी मोडलेला निळा शर्ट, समोर गडबड करणारं कुणी नाही, उठून "न्हाय कळलं" म्हणणारं कुणी नाही. मी इतका मुद्देसूद आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

चेअरमनसाहेबांनी मधे एकदा फोन केला. "सर, सगळं पुस्तक करून टाका. अर्धवट नको. पहिल्यापासून शेवटपर्यंत." एवढा मोठा माणूस स्वतः फोन करतो म्हणून मी हुरळून गेलो. ते वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं.

ऑगस्टमधे पालकांची सभा झाली. पालक म्हणजे आया, बापमंडळी कामावर. ह्या गावातल्या निम्म्या आया घरी विड्या वळतात. दुपारी चार-पाच जणी एकीच्या सोप्यात मांडीवर सूप घेऊन बसतात, हात चालू आणि तोंडंही चालू. सभेलाही तीन जणी सुपासकट आल्या होत्या. मी त्यांना सोप्या भाषेत सांगितलं. "रोज संध्याकाळी घरात एक पाठ लागलाच पाहिजे. सुरू केला की मधे तोडायचा नाही. शेवटपर्यंत चालला पाहिजे. एक दिवसही खंड पडू देऊ नका. मुलांचं कल्याण होईल." बायका फार मन लावून ऐकत होत्या. पूर्णिमाची आई अक्काताई तर हात जोडून ऐकत होती. अशी सभा मी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून चमत्कार. आशुतोषने शाळेला एक अ‍ॅप दिलं होतं. त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक गोल. व्हिडिओ पूर्ण चालला की गोल हिरवा होतो. अकराच्या अकरा गोल हिरवे. रोज हिरवे. रविवारी हिरवे, नागपंचमीला हिरवे, बैल पळवायच्या शर्यतीला अख्खं गाव गेलं होतं त्या दिवशीही हिरवे. बेळगावहून आशुतोषचा फोन आला. "सर, अख्ख्या जिल्ह्यात कुठे इतकं नाही." गुंडूसर चेअरमनसाहेबांना रोज आकडे कळवू लागले.

वर्गात मात्र अंधार. मी गणितं वाटायचो आणि नियमाप्रमाणे फिरायचो. मुलं वहीकडे बघायची, मग माझ्याकडे, मग बाहेरच्या गुलमोहराकडे.

"अरे, काल व्हिडिओत सांगितलं ना?"

माना डोलल्या. पूर्णिमा उभी राहिली. "न्हाय कळलं सर."

"काय नाही कळलं?"

"काईच."

मी दार लावून घेतलं. भिंतीवर फळ्याच्या जागी फिकट चौकोन उरला होता. मी खिशातून खडू काढला आणि खाली शहाबादी फरशीवर बसून श्रेढीचं गणित मांडलं. मुलं भोवती उकिडवी बसली. तास कसा संपला कळलं नाही. तेव्हापासून हेच सुरू झालं. कुणाची चाहूल लागली की ओल्या फडक्याने फरशी पुसायची आणि मी उठून फिरायला लागायचं. मुलं तास सुरू झाला की हळू आवाजात म्हणू लागली, "सर, चोरून शिकवा की." तेहतीस वर्षांत मला कुणी आपणहून शिकवा म्हटलं नव्हतं. गुडघे दुखायचे, पण घटक चाचणीत अकराही मुलं पास झाली. पूर्णिमाला पन्नासपैकी एकतीस.

पण हिरवे गोल मला स्वस्थ बसू देईनात. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी तडक अक्काताईंच्या घरी गेलो. अंगणातच माझा आवाज ऐकू आला. सोप्यात पाट मांडलेला. पाटावर अकरा मोबाईल ओळीने टेकवून ठेवलेले आणि अकराही मोबाईलवर निळ्या शर्टातला मी. पहिल्याचाच आवाज चालू, बाकीचे मुके. समोर उदबत्ती लावलेली. पाटासमोर सहा बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या आणि मी वर्गसमीकरण सोडवत होतो. मुलांचा पत्ता नव्हता.

अक्काताईंनी मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "बसा सर. अध्याय संपू दे."

मी बसलो. व्हिडिओतला मी म्हणालो, "समजलं?" पाच अंक गेले. सहाही जणींनी हात जोडून कपाळाला लावले. "छान. पुढे जाऊ," मी म्हणालो.

पाठ संपल्यावर मी विचारलं, "पूर्णिमा कुठे आहे?"

"गेलीया की म्हशीकडं. आता यील."

"मग हे कोण ऐकतंय?"

"आमी ऐकतोय न्हवं? तुमीच सांगितलासा, घरात लागला पायजे, मधी तोडायचा न्हाय, खंड पडू द्यायचा न्हाय. पोथीचं तसंच असतंय. एकानं वाचायची, घराला पुण्य लागतंय." मग थोड्या अपराधी सुरात, "पयल्यांदा समद्यांचे आवाज लावलं हुतं, सर. पर अकरा सर एकदम बोलाय लागल्यावर जयाबाईला चक्कर आली. म्हणून एकाचंच ठेवतोय. चालतंय न्हवं?"

मी पाटावरच्या अकरा निळ्या शर्टांवरून नजर फिरवली. "आणि एक दिवस बी चुकवला न्हाय," अक्काताई म्हणाल्या. "पोरगी पास झाली बगा चाचणीत. पयलीच येळ. तुमच्या पाठाचा गुण."

हा क्षण मला पक्का आठवतो, कारण इथेच मी घसरलो. खरं म्हणजे दुसऱ्या दिवशी गुंडूसरांना सांगायला हवं होतं की व्हिडिओ कुणी बघत नाही, मुलं फरशीमुळे पास झाली. पण गोल हिरवे होते, निकाल चांगला होता, जागा भरली जायची होती. त्यात हे सांगायचं म्हणजे, माझे बावन्न पाठ मुलांनी एकदाही पाहिले नाहीत आणि मी नियम मोडून जमिनीवर रांगत शिकवतो, हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं. माझी जीभ उचलली गेली नाही. ऑक्टोबरात आशुतोषने अहवाल पाठवला: पाहण्याचं प्रमाण शंभर टक्के, निकाल शंभर टक्के, वर्गात शिक्षकाने शिकवलेला वेळ शून्य. खाली सही माझी. मी ती वळणदार केली.

दिवाळीनंतर निपाणीत संस्थेच्या सभागृहात माझा सत्कार झाला. स्टेजवर माझा फोटो आणि खाली 'उलट्या वर्गाचे शिल्पकार'. शामूअण्णा पहिल्या रांगेत बसून वेळेवर टाळ्या वाजवायचे इशारे करत होते. शाल झाली, नारळ झाला. अक्काताईंना पालक म्हणून बोलायला बोलावलं, तर त्यांनी दोन वाक्यांत पायथागोरस सांगून टाकला आणि कर्ण कशाला म्हणतात तेही सांगितलं. लोक थक्क झाले. मग चेअरमनसाहेब उठले.

"गोपाळसर तीस तारखेला निवृत्त हुतात," ते म्हणाले. "समद्यांना काळजी, पुढं कसं? मी म्हणतो, काळजी कशाची? सरांनी सगळं पुस्तक करून ठेवलंय. शंभर टक्के पोरं बघत्यात. वर्गात मास्तरची गरजच लागली न्हाई, असं अहवालातच हाय. म्हणून संस्थेनं ठरवलंय, गणिताची जागा मागायची न्हाई. वर्गात एक मोठा टीव्ही द्यायचा. गोपाळसरांच्या नंतरबी गोपाळसरच शिकवतील."

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या हातात नारळ होता. गुंडूसर माझ्याकडे बघत नव्हते. कुणीतरी फोटो काढताना "सर, हसा" म्हणालं आणि मी हसलो. तो फोटो अजून शाळेच्या ऑफिसात आहे. ह्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, पण माझं तोंड दुसऱ्या कुणी दाबलं नव्हतं.

घरी आल्यावर कल्याणीने शाल घडी करून ठेवली. "उद्या जाऊन खरं सांगा," ती म्हणाली. "अजून पंधरा दिवस आहेत."

शामूअण्णा म्हणाले, "सर, मागं घ्या. अहवाल मागं घ्या." आयुष्यात एकदाच त्यांचा सल्ला बरोबर होता.

मी पत्र लिहिलं. सदर अहवाल वस्तुस्थितीला धरून नाही, मुले व्हिडिओ पाहत नव्हती, मी वर्गात शिकवत होतो, तरी गणिताची जागा भरावी. पत्र घेऊन संस्थेच्या ऑफिसात गेलो. साईराजने ते दोनदा वाचलं आणि दार ओढून घेतलं.

"सर, हे घेतो मी. आवक नंबर घालतो. पण मग चौकशी लागणार. खोट्या अहवालावर सही कुणाची, तर तुमची. चौकशी लागली की तुमचे पेन्शनचे कागद पुढं जायचे नाहीत. वर्ष लागेल, दोन लागतील." त्याचा आवाज चांगला होता, त्याला खरंच वाईट वाटत होतं. "घालू नंबर?"

भिंतीवर घड्याळ होतं. समोरच्या बाकावर एक म्हातारे निवृत्त मास्तर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. ते तिथे सहा महिन्यांपूर्वीही बसलेले मी पाहिले होते.

"राहू दे," मी म्हणालो, आणि पत्राची घडी करून खिशात घातली. साईराजने मला चहा दिला. तो मी प्यालो.

शेवटच्या दिवसापर्यंत मी फरशीवर शिकवलं. जेवढं पुढे जाता येईल तेवढं गेलो. त्रिकोणमिती राहिली. तीस तारखेला मुलांनी मला पेन दिलं आणि पूर्णिमाने विचारलं, "सर, आता न्हाय कळलं तर?" मी म्हणालो, "व्हिडिओ आहेत ना बाळ. पुन्हा लावून बघायचा." बाकीच्यांसारखी नुसती मान डोलवणं तिला जमत नव्हतं, एवढंच मला दिसलं.

डिसेंबरात साईराजचा फोन आला. पेन्शनला लागणारा माझा नादेय दाखला, म्हणजे संस्थेचं काही देणं राहिलं नाही असा कागद, अडला होता. रजिस्टरप्रमाणे संस्थेचा एक फळा माझ्याकडे होता.

तो आम्ही पुन्हा दारातून काढला. ह्या वेळी तो अडकला नाही, चौकट तासलेलीच होती. टेम्पोत घालून शाळेत आणला. शिपाई आणि मी तो व्हरांड्यातून स्टोअरकडे नेत होतो. दहावीच्या वर्गाजवळ आलो तेव्हा शिपाई म्हणाला, "किल्ली आणतो सर, हितंच टेकवा." फळा भिंतीला टेकवून मी उभा राहिलो. शेजारी वर्गाचं दार. दार उघडंच होतं.

आत भिंतीवरच्या फिकट चौकोनात टीव्ही बसवला होता. त्यावर निळ्या शर्टातला मी त्रिकोणमिती शिकवत होतो. मागे कल्याणी वाकून मीठ घेऊन गेली. मुलं हसली नाहीत; त्यांनी ते बऱ्याचदा पाहिलं असावं. फरशी कोरडी आणि स्वच्छ होती.

"म्हणून साइन तीस अंश बरोबर एक छेद दोन," टीव्हीतला मी म्हणालो. "समजलं?"

पाच अंक. मला ते सगळे ठाऊक होते, रविवारी दुपारी चाळणीसमोर उभं राहून मीच मोजले होते.

एक. दहा माना डोलल्या.

दोन. पूर्णिमा उठून उभी राहिली.

"न्हाय कळलं सर," ती टीव्हीला म्हणाली. "एक छेद दोन कुठनं आलं?"

तीन. माझ्या खिशात खडू होता, सवयीने असतोच. हात टेकवलेल्या फळ्यावर होता. समभुज त्रिकोण काढायचा, मधोमध लंब टाकायचा, दोन रेघांचं काम. दोन पावलांवर दार. चार. मी त्या निळ्या शर्टातल्या माणसाकडे बघितलं. इतका सुरेख बोलणारा, सही वळणदार करणारा. त्याच्यासमोर आत जाऊन जमिनीवर बसायचं, आणि मुलांनी विचारलं तर सांगायचं की दोघांतला खोटा कोण. पाय उचलला नाही.

"छान," टीव्हीतला मी हसून म्हणालो. "पुढे जाऊ."

पूर्णिमा अजून थोडा वेळ उभी होती. मग ती खाली बसली आणि तिने वही मिटली. शिपाई किल्ली घेऊन आला. आम्ही फळा स्टोअरमधे मोडक्या बाकांच्या मागे, तोंड भिंतीकडे करून ठेवला आणि मी रजिस्टरात सही केली.